पाळीव प्राण्याच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग

पाळीव कुत्रा, मांजर किंवा अन्य प्राणी चावल्यामुळे पडलेल्या जखमेत त्या प्राण्याच्या तोंडातील जिवाणू शिरून वाढू लागतात, तेव्हा होणाऱ्या विकारास चाव्याचा जंतुसंसर्ग असे म्हणतात. जखमेभोवती लाली, सूज, ठणका आणि पू ही त्याची मुख्य लक्षणे होत. ती बहुधा एका-दोन दिवसांत, मांजराच्या चाव्यात तर कधीकधी काही तासांतच दिसू लागतात. जखम लगेच धुतली गेली आणि योग्य प्रतिजैविक वेळेवर सुरू झाले, तर बहुसंख्य रुग्ण एक ते दोन आठवड्यांत बरे होतात. उशीर झाल्यास, विशेषतः हाताच्या जखमेत, संसर्ग कंडरा, सांधे व हाडे यांपर्यंत पोहोचतो आणि बोटांची हालचाल कायमची उणावू शकते.

भारतात प्राणी चावला की पहिला विचार अलर्क रोगाचा, म्हणजे रेबीजचा होतो, आणि तो होणे आवश्यकच आहे. मात्र रेबीज विषाणूमुळे होतो, तर जखम पिकते ती जिवाणूंमुळे. रेबीजच्या लसीचा जिवाणूंवर काहीही परिणाम होत नाही, आणि कोणतेही प्रतिजैविक रेबीजच्या विषाणूला रोखू शकत नाही. दोन्हींचा काळही वेगळा आहे. रेबीजची लक्षणे दिसण्यास सामान्यतः काही आठवडे ते काही महिने लागतात. जिवाणू मात्र त्याच रात्री हात सुजवू शकतात. ‘इंजेक्शन घेतले आहे, आता काळजी नाही’ या समजुतीने सुजलेल्या बोटाकडे दुर्लक्ष होते, किंवा उलट, लसीकरण झालेले घरचेच मांजर आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणेच टाळले जाते. दोन्ही प्रकारांत रुग्ण उशिरा दाखल होतो.

जखमेचे स्वरूप

कुत्रा व मांजर यांच्या दातांची ठेवण निराळी असल्याने त्यांच्या जखमाही निराळ्या पडतात. कुत्र्याचे दात जाड व तुलनेने बोथट असून जबडा बळकट असतो. त्याच्या चाव्यात मांस चेचले जाते, कातडी फाटते, प्रसंगी लचका तुटतो. जखम भयंकर दिसते, रक्त वाहते आणि म्हणूनच माणूस तातडीने दवाखाना गाठतो. शिवाय जखम उघडी असल्यामुळे ती आतपर्यंत धुता येते.

मांजराचे सुळे बारीक, लांब व सुईसारखे अणकुचीदार असतात. ते खोल रुततात आणि बाहेर निघताच कातडीवरील छिद्र जवळजवळ मिटते. वर एक-दोन लाल ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. आत मात्र लाळेतील जिवाणू कंडरेच्या आवरणात किंवा सांध्याच्या पोकळीत पेरले गेलेले असतात, जेथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि धुण्याचे पाणी पोहोचत नाही. जखम क्षुल्लक दिसते, हाच मांजराच्या चाव्यातला खरा धोका आहे. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे सारखे नाहीत. परंतु सर्वसाधारणपणे कुत्र्याच्या ५ ते २० टक्के, तर मांजराच्या ३० ते ५० टक्के चाव्यांत संसर्ग होतो असे मानले जाते. हे आकडे मुख्यतः दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णांवरून काढलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. घरच्या घरी बऱ्या झालेल्या ओरखड्यांची नोंद कोठेच होत नाही.

प्रौढांना बहुतेक चावे हातावर बसतात. प्राण्याला औषध पाजताना, आंघोळ घालताना, दोन प्राण्यांचे भांडण सोडवताना किंवा जखमी प्राण्याला उचलताना हातच पुढे असतो. लहान मुलांचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येत असल्याने त्यांच्या जखमा चेहरा, डोके व मान यांवर अधिक आढळतात. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तेथील जखम पिकण्याचे प्रमाण कमी असते. हाताचे नेमके उलटे आहे. हाताच्या मागील बाजूस कातडीखाली चरबीचा थर पातळ असतो. कंडरा आणि सांधे काही मिलिमीटरांवरच असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००९ ते २०११ या तीन वर्षांत हाताला मांजर चावल्यामुळे आलेल्या १९३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ५७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ३८ जणांची जखम शस्त्रक्रियेने उघडून आतून धुवावी लागली. मनगटावर किंवा कोणत्याही सांध्यावर चावा असलेल्यांमध्ये दाखल होण्याची शक्यता अधिक होती.

कारणीभूत जिवाणू

चाव्याची जखम क्वचितच एका जातीच्या जिवाणूने पिकते. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्याच्या चाव्याच्या ५० आणि मांजराच्या चाव्याच्या ५७ संसर्गित जखमांमधील जिवाणूंची छाननी करण्यात आली होती. एका जखमेत आढळलेल्या जिवाणूप्रकारांचा मध्यक ५ होता. निम्म्याहून अधिक जखमांत प्राणवायूवर जगणारे आणि प्राणवायूविना जगणारे असे दोन्ही प्रकारचे जिवाणू एकत्र नांदत होते. औषध निवडताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

या मिश्रणातील प्रमुख जिवाणू पाश्चरेला कुलातील आहेत. उपरोक्त अभ्यासात ते मांजराच्या ७५ टक्के व कुत्र्याच्या ५० टक्के संसर्गित जखमांत सापडले. मांजरांच्या बाबतीत पाश्चरेला मल्टोसिडा आणि कुत्र्यांच्या बाबतीत पाश्चरेला कॅनिस ही जाती अधिक आढळते. निरोगी मांजराच्या तोंडात पाश्चरेला जिवाणू नैसर्गिकरीत्याच राहतात. त्यामुळे प्राणी स्वच्छ आहे, घरात वाढलेला आहे किंवा त्याचे लसीकरण झालेले आहे, यावरून जखम पिकणार नाही असे म्हणता येत नाही. स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणूही सामान्यतः आढळतात. त्यांतील काही प्राण्याच्या तोंडातून, तर काही माणसाच्या स्वतःच्या कातडीवरून जखमेत उतरतात.

‘मल्टोसिडा’ या लॅटिन विशेषणाचा अर्थ ‘अनेकांना मारणारा’ असा होतो. हा जिवाणू कोंबड्यांच्या पटकीस कारणीभूत असून फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८७९-८० मध्ये त्याच्यावर प्रयोग करून दुर्बल केलेल्या जिवाणूंपासून लस तयार करता येते हे दाखवले. पुढे १८८७ मध्ये या कुलाला पाश्चर यांचे नाव देण्यात आले. त्याच पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या योझेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचण्यास प्रारंभ केला होता. प्राण्याच्या चाव्यातील दोन्ही धोक्यांशी एकाच माणसाचे नाव असे जोडले गेले आहे.

कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस हा जिवाणू विरळा आहे. परंतु त्याची दखल घ्यावीच लागते. ‘कॅनिमॉर्सस’ म्हणजे ‘कुत्र्याचा चावा’. या जिवाणूमुळे झालेल्या आजाराचे पहिले वर्णन १९७६ मध्ये झाले व त्याला सध्याचे नाव १९८९ मध्ये मिळाले. तो जखम फारशी पिकवत नाही, तर सरळ रक्तात पसरतो. ज्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली आहे किंवा निकामी झालेली आहे, जे दीर्घकाळ अतिमद्यपान करतात किंवा ज्यांची रोगप्रतिकारशक्ती खालावलेली आहे, अशांना त्यापासून जिवाचा धोका असतो. सिकलसेल आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ शकते. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत हा आजार आढळत असल्याने तेथे ही बाब केवळ पुस्तकी राहत नाही.

लक्षणे

पाश्चरेलाचा संसर्ग त्याच्या वेगावरून ओळखू येतो. १९९९ च्या अभ्यासात चावा बसल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतचा मध्यक काळ मांजराच्या चाव्यात १२ तास, तर कुत्र्याच्या चाव्यात २४ तास होता. म्हणजे संध्याकाळी मांजर चावले, तर सकाळी उठेपर्यंत निम्म्या संसर्गित रुग्णांना काही तरी जाणवू लागलेले असते. जखमेच्या आकाराच्या मानाने वेदना फार असते. भोवतालची कातडी लाल, गरम व ताणलेली होते, जखमेतून राखट किंवा पिवळसर स्राव येतो. काही रुग्णांत जखमेपासून दंडाच्या दिशेने लाल रेघ चढताना दिसते. काखेतील लसीका ग्रंथी सुजून गाठ लागते. थंडी वाजून ताप येतो. स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस यांचा संसर्ग बहुधा थोडा सावकाश, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होतो.

बोटाच्या आतील बाजूने जाणाऱ्या कंडरेभोवती एक नळीसारखे आवरण असते. त्यात पू झाला की दाब वाढून कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरू लागते. या अवस्थेच्या चार खुणा शिकागोचे शल्यविशारद ॲलन कॅनॅव्हेल यांच्या नावाने ओळखल्या जातात. बोट किंचित वाकलेल्या स्थितीतच आरामात राहते. ते संपूर्ण लांबीत सारखे, चातीसारखे सुजते. कंडरेच्या मार्गावर दाबल्यास कळ येते. आणि दुसऱ्याने बोट सरळ करू पाहिल्यास असह्य वेदना होते. चारही खुणा प्रत्येक वेळी एकत्र दिसतीलच असे नाही. यांतील एखादी जरी दिसली, तरी गोळ्यांचा परिणाम पाहत घरी थांबू नये. अशा रुग्णाला हाताच्या शल्यचिकित्सकाने त्याच दिवशी तपासणे आवश्यक असते.

प्रथमोपचार

चावा बसल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे हा सर्वांत परिणामकारक प्रथमोपचार आहे. त्यामुळे जिवाणू व रेबीजचे विषाणू या दोन्हींची संख्या घटते. १५ मिनिटे हा काळ घड्याळ लावून पाहिल्यास बराच मोठा वाटतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक जण एक-दोन मिनिटांतच नळ बंद करतात. धुतल्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावून जखम स्वच्छ कापडाने सैलसर झाकावी. हाताला चावा असल्यास अंगठ्या व बांगड्या लगेच काढाव्यात, कारण सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तप्रवाह अडवतात. हात छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवल्यास सूज व ठणका कमी राहतो.

हळद, चुना, तिखट, तेल, मीठ, चहापूड असे पदार्थ जखमेत भरण्याची प्रथा अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. हे पदार्थ जखमेला चुरचुरवतात, ऊतकांना इजा करतात आणि नंतर जखम धुणे कठीण करून ठेवतात. जखम डागणे, तोंडाने चोखणे किंवा वर घट्ट दोरी बांधणे हेही अपायकारक आहे.

वैद्यकीय तपासणी

निदान मुख्यत्वे पाहणीवरून होते. कोणता प्राणी, कधी चावला, डिवचल्यामुळे की विनाकारण, रुग्णाला मधुमेह आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे प्रश्न विचारले जातात. बोटांची हालचाल व संवेदना तपासून कंडरा किंवा चेतातंतू तुटला आहे का ते पाहतात. ताज्या, न पिकलेल्या जखमेतील नमुना प्रयोगशाळेत पाठवून उपयोग होत नाही. पू झालेला असेल, तर मात्र प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी नमुना घेणे इष्ट असते आणि नमुन्यासोबत ‘प्राण्याचा चावा’ अशी स्पष्ट नोंद करावी लागते. यांतील काही जिवाणू सावकाश वाढतात, आणि ती माहिती नसेल तर प्रयोगशाळा त्यांचा शोध अर्ध्यावरच सोडू शकते. तुटलेला दात आत राहिला आहे का किंवा हाडाला इजा झाली आहे का, हे क्ष-किरण चित्रात दिसते.

खोल छिद्राच्या आणि हाताच्या जखमा सहसा टाके न घालता उघड्या ठेवतात, जेणेकरून स्राव आत कोंडणार नाही. चेहऱ्याच्या जखमा व्रण विद्रूप होऊ नये म्हणून नीट धुऊन शिवल्या जातात. मात्र रेबीजचा संभव असल्यास आधी प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेत दिले जाते आणि टाके शक्य तितके लांबणीवर टाकले जातात.

प्रतिजैविके

प्रत्येक चाव्याला प्रतिजैविक लागत नाही. कातडी न फाटलेला ओरखडा किंवा कुत्र्याची वरवरची, नीट धुतलेली जखम असेल, तर नुसते लक्ष ठेवणे पुरेसे असते. जखम अद्याप पिकलेली नसताना प्रतिबंधासाठी प्रतिजैविक द्यावे की नाही, हा वैद्यकातील जुना वाद आहे. २००१ च्या कॉक्रेन समीक्षेत यासंबंधीच्या आठ चाचण्या एकत्र तपासल्या असता सर्व चाव्यांना सरसकट औषध दिल्याचा ठोस लाभ दिसला नाही. हाताच्या चाव्यांत मात्र संसर्गाचे प्रमाण २८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. चाचण्या लहान असल्या, तरी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून रक्त काढणारा मांजराचा चावा, हात, पाय, चेहरा किंवा सांध्याजवळची जखम, चेचलेली वा टाके घातलेली जखम, आणि मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेला रुग्ण यांना ३ ते ५ दिवसांचे प्रतिबंधक औषध देण्याचा प्रघात आहे.

जखम पिकलेली असो वा प्रतिबंध करायचा असो, पहिली पसंती ॲमॉक्सिसिलिन व क्लॅव्हुलॅनिक आम्ल यांच्या संयुक्त गोळीला दिली जाते. ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातील औषध पाश्चरेलाला मारते. परंतु चाव्याच्या जखमेतील स्टॅफिलोकॉकस व प्राणवायूविना जगणारे काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर सोडून ते फोडून टाकतात. क्लॅव्हुलॅनिक आम्ल हे विकर निकामी करते. स्वतः ते जिवाणूंना फारसे मारत नाही, मुख्य औषधाला केवळ वाट मोकळी करून देते. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस या मातीतील जिवाणूपासून ते मिळते आणि ही जोडगोळी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम बाजारात आली. भारतात औषधाच्या दुकानात जिला ‘६२५’ म्हणतात ती हीच. तिच्यात ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन व १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल असते. ‘एक ग्रॅम’च्या गोळीत हे प्रमाण ८७५ व १२५ असे असते. प्रौढांना पहिली सामान्यतः दिवसातून तीन वेळा, तर दुसरी दोन वेळा देतात. मुलांची मात्रा वजनावर ठरते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते.

पिकलेल्या जखमेसाठी उपचाराचा काळ सर्वत्र एकसारखा सांगितलेला नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत ५ दिवस, व पुन्हा तपासून ७ दिवसांपर्यंत, असा काळ आहे. अन्यत्र ७ ते १४ दिवस सांगितले जातात. सांध्यात संसर्ग पोहोचल्यास ३ ते ४ आठवडे, हाडात पोहोचल्यास ४ ते ६ आठवडे औषध चालू ठेवावे लागते.

पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्या प्रौढांना डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल ही जोडी देता येते. डॉक्सिसायक्लिन गरोदर स्त्रियांना टाळतात व लहान मुलांना जपून देतात. ते भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावे लागते आणि त्याच्या काळात ऊन सोसत नाही. मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य वर्ज्य असते. ताप चढलेला, सूज वेगाने पसरत असलेला, उलट्यांमुळे गोळी न टिकणारा किंवा गोळ्यांना ४८ तासांत प्रतिसाद न देणारा रुग्ण दाखल करून शिरेवाटे ॲम्पिसिलिन-सल्बॅक्टमसारखी औषधे देतात.

मागच्या आजारपणातील उरलेल्या गोळ्या घेणे किंवा दुकानदाराला ‘जखमेची गोळी’ मागणे धोक्याचे आहे, कारण इतर जखमांवर नेहमी चालणारी काही औषधे येथे नेमकी लंगडी पडतात. सेफॅलेक्सिन, एरिथ्रोमायसिन आणि एकटे क्लिंडामायसिन यांचा पाश्चरेलावर भरवसा धरता येत नाही. अशी गोळी घेतलेल्या रुग्णात लाली थोडी ओसरते, दोन दिवस बरे वाटते आणि तेवढ्यात मुख्य जिवाणू खोलवर वाढत राहतो. ही सर्व औषधे भारतात कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची आहेत, ही गोष्ट व्यवहारात फारशी पाळली जात नाही.

साचलेल्या पुवापर्यंत प्रतिजैविक पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. गळू झाले असल्यास ते फोडून निचरा करावा लागतो. कंडरेच्या आवरणातील किंवा सांध्यातील पू शस्त्रक्रियागृहात धुऊन काढतात. या उपायाला गोळ्यांचा पर्याय नाही.

बरे होण्याचा काळ

उपचार सुरू करताना लालीच्या कडेने पेनने रेघ आखण्याची साधी पद्धत पुष्कळ डॉक्टर वापरतात. पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी सरकली, तर ते अपयश मानत नाहीत. २४ ते ४८ तासांनंतर मात्र ठणका कमी होणे, ताप उतरणे आणि लाली रेघेच्या आत येणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास औषध चुकले आहे, पू साचला आहे किंवा दाताचा तुकडा आत आहे, यांपैकी काही तरी घडलेले असते आणि पुन्हा तपासणी करावी लागते. सूज सर्वांत शेवटी उतरते. संसर्ग संपल्यावरही बोट काही आठवडे जाड व आखडलेले राहू शकते.

बरे वाटू लागल्याने तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक आहे. क्लॅव्हुलॅनिक आम्लामुळे होणारे जुलाब व मळमळ हे त्याचे एक कारण असते. गोळी जेवणाच्या सुरुवातीस घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. अंगावर पित्त उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे ही ॲलर्जीची चिन्हे असून औषध तत्काळ थांबवून मदत घ्यावी लागते. क्वचित, कधीकधी औषध संपल्यानंतरही, कावीळ होते; पूर्वी या औषधाने कावीळ झालेल्या व्यक्तीस ते पुन्हा देत नाहीत.

हात आरंभी खपाचीवर स्थिर व उंच ठेवतात. परंतु वेदना ओसरताच बोटांची हालचाल सुरू करणे महत्त्वाचे असते. दीर्घकाळ न हलवलेली कंडरा आवरणाला चिकटते. शिवणकाम करणारे, वादक, टंकलेखक किंवा शेतात खुरपे धरणारे यांच्या दृष्टीने मूठ पूर्ण न वळणे ही लहान बाब नसते, आणि भौतिकोपचार वेळेवर झाल्यास ती पुष्कळदा टळते. बरी झालेली जखम काही आठवड्यांनी पुन्हा त्याच ठिकाणी दुखू लागली, तर हाडातील संसर्गाची शंका घ्यावी लागते.

रेबीज व धनुर्वात

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून जखम पिको वा न पिको, त्याचा निर्णय स्वतंत्रपणे व पहिल्याच दिवशी घ्यावयाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अखंड कातडीला चाटणे पहिल्या, रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या आणि कातडी भेदून रक्त काढणारा चावा तिसऱ्या श्रेणीत येतो. पहिल्या श्रेणीस लस लागत नाही. दुसरीस लस, व तिसरीस लसीबरोबरच जखमेत व तिच्याभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागते. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने तयार केलेले ‘रॅबिशील्ड’ हे या कामासाठी वापरले जाणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड आहे. लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी, त्वचेत दिल्यास ०, ३, ७ व २८ व्या दिवशी दोन जागी टोचतात. पूर्वी संपूर्ण लसीकरण झालेल्या व्यक्तीस केवळ ० व ३ या दिवशीच्या मात्रा पुरतात.

पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून ऐकू येते. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची आठवण आहे. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे विकसित केलेली ही लस भारतात २००५ च्या सुमारास वापरातून गेली. आताची लस दंडात दिली जाते.

चावलेला कुत्रा किंवा मांजर १० दिवस निरोगी राहिल्यास चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानतात. भारतात या १० दिवसांची वाट न पाहता लस सुरू करून निरीक्षण समांतर चालवतात. लहान पिल्लू चावले तर काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. धनुर्वाताच्या लसीची शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर अशा जखमेत पुन्हा एक मात्रा दिली जाते.

इतर प्राण्यांचे चावे

मांजराच्या ओरखड्यातून बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू शिरल्यास जखम बरी होऊन गेल्यावर, एक ते तीन आठवड्यांनी, काखेत किंवा मानेला गाठ येते. हा आजार निरोगी व्यक्तीत बहुधा आपोआप ओसरतो. ससे व गिनीपिग यांचे चावे पिकण्याचे प्रमाण कमी असले, तरी त्यांच्याही तोंडात पाश्चरेला असू शकतो. माकडाच्या चाव्याची गणना धोकादायक जखमांत होते; त्याला १० दिवसांच्या निरीक्षणाचा नियम लागू नाही.

उंदराच्या चाव्यातून येणाऱ्या ज्वराचे दोन प्रकार आहेत. स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस या जिवाणूमुळे होणाऱ्या प्रकारात ताप, पुरळ व सांधेदुखी होते. दुसरा प्रकार स्पिरिलम मायनस या नागमोडी जिवाणूमुळे होतो व आशियात अधिक आढळतो. हा दुसरा जिवाणू १८८० च्या दशकात मुंबईत हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी एका उंदराच्या रक्तात पाहून त्याचे वर्णन केले होते. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते अध्यापक होते. दोन्ही प्रकारांवर आजही पेनिसिलिन हेच मुख्य औषध आहे.